वसाहतकालीन अमेरिकेतल्या मिलिशिया अधिकाऱ्याचा वंश कसा शोधावा

अमेरिकेतल्या जुन्या घराण्याची वंशावळ चाळताना नऊ-दहा पिढ्यांमागे एखादा ‘कॅप्टन’ किंवा ‘कर्नल’ हमखास भेटतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत सून किंवा जावई अशा घराण्यातून येतात आणि मग नातवंडांसाठी दोन्हीकडचे कुलवृत्तांत नीट लिहावेत असं कुणाला तरी वाटतं. हा लेख अशा नवख्या संशोधकांसाठी आहे. इंटरनेट, एक वही आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर भारतात बसूनही यातलं बरंचसं काम होतं.

आधी मिलिशिया म्हणजे काय ते पक्कं करून घ्या, कारण पुढची शोधाची दिशा त्यावरच ठरते. मिलिशिया ही पगारी फौज नव्हती. इंग्रजांच्या बहुतेक वसाहतींत कायदा असा होता की साधारण १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी स्वतःचं हत्यार घेऊन ठरलेल्या दिवशी कवायतीला यायचं आणि गरज पडली की लढायला निघायचं. त्यांचा अधिकारी वर्षातले बाकीचे दिवस शेतकरी, व्यापारी, गिरणीमालक किंवा स्थानिक न्यायाधीश असे. त्यामुळे त्याचे कागद लष्करी दफ्तरात फार थोडे सापडतात. ते सापडतात गावच्या आणि काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दफ्तरात: मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, कोर्टाच्या नोंदवह्या, चर्चची पुस्तकं.

नवखे इथेच चुकतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते लष्करी सेवेचा दाखला मागवतात आणि ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं की शोध सोडून देतात. त्या अभिलेखागारातल्या सैनिकी नोंदी १७७५ च्या क्रांतियुद्धापासून सुरू होतात. त्याआधीची मिलिशिया प्रत्येक वसाहतीची स्वतंत्र होती, म्हणून तिचे कागद त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात आणि काउंटीच्या कचेरीत आहेत.

पहिली पायरी: आजपासून मागे जा

कॅप्टनपासून खाली उतरायचा मोह टाळा. एकाच नावाचे चार पुरुष असतात आणि त्यातला सोयीचा निवडला जातो. जिवंत माणसापासून सुरुवात करा आणि एकेक पिढी मागे सरका. प्रत्येक सांध्यावर ‘हा याचाच मुलगा’ हे सांगणारा कागद हातात आल्याशिवाय पुढची पिढी लिहू नका.

क्रमांक देण्याची सोपी पद्धत अशी: ज्याच्यापासून सुरुवात केली तो १, त्याचे वडील २, आई ३. कुठल्याही माणसाच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील आणि दुप्पट अधिक एक म्हणजे त्याची आई. या लेखात ज्याचं उदाहरण पुढे वारंवार येणार आहे तो व्हर्जिनियाच्या वेस्टमोरलंड काउंटीचा मिलिशिया अधिकारी कर्नल जॉन वॉशिंग्टन. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनला १ धरलं तर वडील ऑगस्टीन २, आजोबा लॉरेन्स ४ आणि पणजोबा कर्नल जॉन ८.

एकोणिसावं शतक जनगणनेवर पार पडतं. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० पासून मिळतं आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं १८८० पासून. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळपास पूर्ण गेली आहे, तेव्हा ती शोधण्यात वेळ घालवू नका. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे नुसते वयोगटांचे आकडे. अनुभवी लोकही इथेच अडकतात, कारण याच काळात कुटुंबं पश्चिमेकडे सरकत होती. न्यू यॉर्कमधल्या किंवा ओहायोतल्या माणसाचा बाप कनेक्टिकटमधला, हे जोडणारा कागद बहुतेक वेळा बापाचं मृत्युपत्र असतं किंवा त्याच्या जमिनीतला वाटा विकतानाचा दस्त. ‘अमुक गावी राहणारा मी, माझ्या मयत वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा विकतो’ असं एक वाक्य जनगणनेच्या दहा पानांपेक्षा मोलाचं आहे.

दुसरी पायरी: वसाहत, काळ आणि हुद्दा ठरवा

हुद्द्याचं नाव कळलं तरी नेमणूक कुणी केली हे वसाहतीगणिक वेगळं होतं, आणि नेमणूक करणाऱ्याच्या दफ्तरातच तिची नोंद असते.

मॅसॅच्युसेट्स बेमध्ये डिसेंबर १६३६ मध्ये तीन रेजिमेंट उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या दशकांत कंपनीतले लोकच आपला कॅप्टन, लेफ्टनंट आणि एन्साइन (निशाण सांभाळणारा कनिष्ठ अधिकारी) निवडत आणि जनरल कोर्ट, म्हणजे तिथलं विधिमंडळ, त्याला मंजुरी देई. ही मंजुरी जनरल कोर्टाच्या कामकाजात मिळते. ते कामकाज १८५३-५४ मध्ये पाच खंडांत छापलं गेलं आणि आज मोफत वाचता येतं. १६९१ च्या सनदेनंतर नेमणुका गव्हर्नर करू लागला. लहान गावाची कंपनी पुरेशी मोठी नसेल तर तिचा सर्वोच्च अधिकारी लेफ्टनंट किंवा सार्जंटच असे. गावात कॅप्टनच सापडत नाही म्हणून नोंदी हरवल्या असं समजू नका.

कनेक्टिकट हा नवख्यांसाठी सगळ्यात सोपा प्रांत. तिथल्या विधिमंडळाचं कामकाज १६३६ ते १७७६ पर्यंत पंधरा खंडांत सूचीसह छापलेलं आहे. वसंत आणि शरद ऋतूतल्या अधिवेशनांत ‘अमुक गावच्या ट्रेनबँडचा (म्हणजे मिलिशिया कंपनीचा) कॅप्टन म्हणून अमुक’ अशा नेमणुकांच्या रांगा असतात. तिथे पुढच्या माणसाची नेमणूकही जरूर पाहा. नवा कॅप्टन नेमला गेला याचा अर्थ जुना वारला, गाव सोडून गेला किंवा निवृत्त झाला. ज्याच्या मृत्यूची तारीख कुठेच मिळत नाही त्याच्या बाबतीत हा धागा फार उपयोगी पडतो.

व्हर्जिनियात नेमणूक गव्हर्नर करी आणि अधिकारी काउंटी कोर्टात येऊन शपथ घेई. म्हणून तिथे कोर्टाची आज्ञावही वाचायची. काउंटीची मिलिशिया कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर यांच्या हाताखाली असे आणि ही माणसं बहुधा न्यायाधीश आणि चर्चच्या कारभारी मंडळाचे सदस्यही असत. एकाच माणसाचे तीन ठिकाणी कागद मिळतात, हा व्हर्जिनियाचा फायदा.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट निराळी. तिथे शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर पंथाचं वर्चस्व असल्याने १७७७ पर्यंत सक्तीची मिलिशिया नव्हतीच. १७४७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या पुढाकाराने ‘असोसिएटर्स’ नावाची स्वयंसेवी पथकं निघाली. त्यामुळे कुणी ‘१७२० चा पेनसिल्व्हेनिया मिलिशियाचा कॅप्टन’ असं लिहून ठेवलं असेल तर तो दुसऱ्या वसाहतीतला होता का, हे आधी तपासा.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. फ्रेंच आणि इंडियन युद्धात, म्हणजे १७५४ ते १७६३ मध्ये फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळ अमेरिकन लोकांशी झालेल्या लढाईत, वसाहतींनी एकेका मोहिमेपुरत्या प्रांतिक रेजिमेंट उभ्या केल्या. त्या मिलिशियापेक्षा वेगळ्या. एखादा माणूस गावच्या मिलिशियात लेफ्टनंट आणि त्याच वर्षी प्रांतिक रेजिमेंटमध्ये कॅप्टन असू शकतो. दोन वेगळे हुद्दे दिसले म्हणून दोन माणसं समजू नका, आणि एकच माणूस आहे असं पुराव्याशिवाय गृहीतही धरू नका.

तिसरी पायरी: हुद्द्याचा कालपट बनवा

हे तंत्र आमच्या मते या कामातलं सगळ्यात उपयोगी आहे. त्या काळी हुद्दा हा नावाचाच भाग होई. एकदा एन्साइन झालेला माणूस खरेदीखतात, चर्चच्या बाकांच्या यादीत, शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून, सगळीकडे ‘एन्साइन अमुक’ असाच येतो. बढती मिळाली की सगळीकडचं संबोधन बदलतं, आणि बरेचदा निवृत्तीनंतरही ते मरेपर्यंत चिकटून राहतं.

एक तक्ता आखा. स्तंभ पाच: कागदाची तारीख, कागदाचा प्रकार, नाव जसं लिहिलंय तसं, हुद्दा, ठिकाण. त्या नावाची प्रत्येक नोंद त्यात भरा, तुमचा माणूस असो वा नसो. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की एकाच नावाचे पुरुष आपोआप वेगळे पडू लागतात. एक सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन असा चढत जातो, दुसरा आयुष्यभर हुद्द्याविना राहतो, तिसरा ‘डीकन’, म्हणजे चर्चमधला पदाधिकारी, होतो. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ यांवर मात्र विसंबू नका. गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. त्यांचं नातं चुलता-पुतण्याचं असू शकतं किंवा काहीच नसू शकतं. सीनियर वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

वॉशिंग्टन घराण्यात याची गरज चांगलीच दिसते. जॉनचा भाऊ लॉरेन्सही व्हर्जिनियात आला. जॉनच्या मुलांची नावं लॉरेन्स आणि जॉन. भाऊ लॉरेन्सच्या मुलाचंही नाव जॉन. तीच नावं, तोच परिसर, एकाच पिढीच्या अंतरात. हुद्दा, बायकोचं नाव आणि जमिनीचा तुकडा या तीन खुणांशिवाय यांना वेगळं करता येत नाही.

नेमणुकांच्या तारखांबद्दल एक सूचना. गव्हर्नर बदलला किंवा राजा वारला की नेमणूकपत्रं नव्याने काढली जात. एकाच हुद्द्याची दोन-तीन नेमणूकपत्रं सापडली तर ती बढती नसते.

चौथी पायरी: काउंटीचे कागद, ओळीने

ज्या गावात किंवा काउंटीत माणूस सापडला तिथले कागद या क्रमाने घ्या: मृत्युपत्र आणि वारसाचे कागद, मालमत्तेची यादी, जमिनीचे दस्त, कोर्टाच्या नोंदवह्या, चर्च, आणि शेवटी हजेरीपट.

मृत्युपत्र काढताना त्याच्या तारखेकडे बघा. मोहिमेवर निघण्यापूर्वी मृत्युपत्र करून ठेवणं अधिकाऱ्यांत सर्रास होतं. कर्नल जॉन वॉशिंग्टनने आपलं मृत्युपत्र सप्टेंबर १६७५ मध्ये केलं. त्याच महिन्याच्या अखेरीस तो मेजर आयझॅक ॲलर्टनबरोबर व्हर्जिनियाची मिलिशिया घेऊन पोटोमॅकपलीकडे, मेरीलँडमधल्या ससक्वेहॅनॉक या मूळ अमेरिकन लोकांच्या किल्ल्याला वेढा घालायला गेला. तिथे बोलणी करायला बाहेर आलेल्या ससक्वेहॅनॉक प्रमुखांना ठार मारण्यात आलं. त्याची चौकशी झाली आणि साक्षी नोंदल्या गेल्या. वंशावळीत मोहिमेचं नाव लिहिताना हेही लिहायला हवं. चौकशीच्या साक्षींत अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे आणि हालचाली मिळतात, आणि जे घडलं ते गाळून लिहिलेला कुलवृत्तांत अपुराच राहतो. जॉन मोहिमेतून परतला आणि मृत्युपत्राची कोर्टात शाबिती झाली ती पुढे जानेवारी १६७७ मध्ये, आपल्या हिशेबाने १६७८. मृत्युपत्राची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख असं धरणाऱ्यांची इथे सुमारे दोन वर्षांची चूक होते.

मृत्युपत्रात एखादा मुलगा नसला म्हणजे तो नव्हताच असं नाही. त्याला आधीच जमीन देऊन टाकलेली असू शकते. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता मरणाऱ्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाई, मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा मिळे. म्हणून मृत्युपत्र आणि दस्त एकत्र वाचा. दस्तांत बायकोचं नाव मिळण्याची एक खात्रीची जागा आहे: नवऱ्याने जमीन विकली की त्या जमिनीवरचा आपला विधवा-हक्क बायकोने सोडल्याची नोंद केली जाई.

मालमत्तेच्या यादीत तलवार, पिस्तुलं, घोड्याचं खोगीर, नगारा किंवा कंपनीचं निशाण दिसलं तर हुद्द्याला दुजोरा मिळतो. व्हर्जिनियाच्या अधिकाऱ्यांच्या याद्यांत आणि मृत्युपत्रांत गुलाम केलेल्या माणसांची नावंही असतात, गुराढोरांच्या ओळीत. ती नावं उतरवून घेताना गाळू नका. त्यांच्या आजच्या वंशजांना पूर्वजांचा माग काढायला बहुतेक वेळा एवढाच कागद उरलेला असतो. तुमच्या टिपणात ती नावं, वर्ष आणि मालकाचं नाव नीट असेल तर कुणाच्या तरी वंशावळीतला तुटलेला सांधा जुळेल.

कोर्टाच्या नोंदवह्यांतल्या साक्षी अतिशय मोलाच्या, कारण साक्षीदाराचं वय ‘४५ वर्षं किंवा त्या सुमारास’ असं लिहिलेलं असतं. ‘सुमारास’ला दोन-तीन वर्षांची मुभा द्या.

हजेरीपट आणि पगारपत्रकं शेवटी ठेवायला सांगितलं, कारण त्यांत नातं क्वचित असतं. अपवाद आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या १७५० च्या दशकातल्या काही पटांत सैनिकाच्या नावापुढे बापाचं किंवा मालकाचं नाव आहे. न्यू यॉर्कच्या १७५५ ते १७६४ च्या पटांत वय, जन्मस्थान, व्यवसाय आणि उंची मिळते.

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट अशा ईशान्येकडच्या वसाहतींच्या, सतराव्या शतकातल्या सैनिकांसाठी एक वेगळा खजिना आहे. १६७५-७६ मध्ये मूळ अमेरिकन लोकांशी झालेल्या किंग फिलिपच्या युद्धात लढलेल्यांना मॅसॅच्युसेट्सने अर्ध्या शतकानंतर, १७२८ पासून, जमिनी दिल्या. त्यासाठी ‘नॅरागॅन्सेट’ नावाची सात नवी गावं आखली. एव्हाना बरेच सैनिक वारले होते, त्यामुळे दावेदारांच्या यादीत ‘वडिलांच्या हक्काने’, ‘आजोबांच्या हक्काने’ असे वारस नोंदले गेले. एका ओळीत दोन किंवा तीन पिढ्या जोडणारा असा सरकारी कागद त्या काळात दुर्मिळ.

पाचवी पायरी: शेजारच्या वसाहतीत डोकवा

नद्या आणि खाड्या हेच तेव्हाचे रस्ते होते. पोटोमॅकच्या एका काठावर व्हर्जिनिया, दुसऱ्यावर मेरीलँड. जॉन वॉशिंग्टन एडवर्ड प्रेस्कॉटच्या ‘सी हॉर्स’ जहाजावर अधिकारी म्हणून आला. ते जहाज १६५७ च्या सुरुवातीला पोटोमॅकमध्ये रुतलं, जॉन तिथेच राहिला आणि नॅथॅनिएल पोपच्या मुलीशी, ॲनशी त्याचं लग्न झालं. दोन वर्षांनी प्रेस्कॉटच्याच दुसऱ्या सफरीत एका बाईला चेटकीण म्हणून जहाजावर फाशी दिल्याची तक्रार जॉनने मेरीलँडच्या गव्हर्नरकडे केली. खटल्याची तारीख ठरली तेव्हा जॉनने ३० सप्टेंबर १६५९ ला कळवलं की मला येता येणार नाही, कारण त्याच वेळी माझ्या लहान मुलाचा बाप्तिस्मा आहे आणि सगळ्यांना आमंत्रणं गेली आहेत. साक्षीदार आला नाही, प्रेस्कॉट सुटला, आणि वॉशिंग्टन घराण्याच्या इतिहासकारांना थोरल्या मुलाच्या जन्माचा पुरावा मिळाला, तोही शेजारच्या वसाहतीच्या कोर्टाच्या दफ्तरात. मेरीलँडचं ते सगळं छापील दफ्तर आज ऑनलाइन खुलं आहे.

म्हणून नकाशा समोर ठेवा. माणूस राहतो तिथून एका दिवसाच्या होडीच्या किंवा घोड्याच्या प्रवासात कुठल्या काउंट्या, कुठल्या वसाहती येतात याची यादी करा आणि त्यांची सूची तपासा. काउंट्यांच्या हद्दीही बदलत गेल्या. एकाच शेतात बसलेल्या माणसाचे कागद तीन काउंट्यांत असू शकतात.

सहावी पायरी: समुद्र ओलांडताना घाई नको

मूळ पुरुष इंग्लंडमध्ये कुठला, हा प्रश्न सर्वांना ओढतो आणि सगळ्यात जास्त खोट्या वंशावळी याच सांध्यावर जन्मतात. वॉशिंग्टन घराण्याचंच पाहा. १७९२ च्या मे महिन्यात खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टनने इंग्लंडमधल्या आयझॅक हर्ड या राजवंशावळकाराला लिहिलं होतं की आमचा मूळ पुरुष उत्तरेकडच्या कुठल्यातरी काउंटीतून, लँकेशायर, यॉर्कशायर किंवा त्याहून उत्तरेकडून आल्याचं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे. ही घरातली आठवण अवघ्या तीन पिढ्यांची, तरीही दिशाभूल करणारी. हर्डने नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यात जॉन आणि लॉरेन्स हे दोन भाऊ पाहिले आणि तेच व्हर्जिनियाला गेले असं मांडलं. नावं जुळली, म्हणून माणसं जुळली असं धरलं. १८६६ मध्ये जोसेफ चेस्टरने दाखवलं की त्यातला जॉन ‘सर’ झाला होता आणि लॉरेन्स पाद्री. दोघांपैकी कुणीच अमेरिकेला गेलं नव्हतं.

खरा धागा १८८९ मध्ये हेन्री वॉटर्सने प्रसिद्ध केला, आणि तो सापडला बहिणींमुळे. व्हर्जिनियातल्या जॉनने मृत्युपत्रात बहीण मार्थाला वाटा दिला होता. त्या मार्थाने १६९७ च्या आपल्या मृत्युपत्रात एलिझाबेथ आणि मार्गारेट या दोन बहिणींची नावं लिहिली. इकडे हर्टफर्डशायरमधल्या ट्रिंग गावी ॲन्ड्र्यू नोलिंग नावाच्या माणसाच्या १६५० च्या सुमाराच्या मृत्युपत्रात ॲम्फिलिस वॉशिंग्टन आणि तिची मुलं आहेत: लॉरेन्स, जॉन, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. पाच भावंडांचा संच दोन्ही किनाऱ्यांवर जुळला. शिवाय ॲम्फिलिस वारल्यावर तिच्या मालमत्तेचा कारभार १६५६ च्या सुरुवातीला मुलगा जॉनकडे सोपवला गेला, म्हणजे तो अमेरिकेत दिसू लागण्याच्या अगदी आधी. आणि बाप कोण? तोच पाद्री लॉरेन्स, ज्याला हर्डने स्थलांतरित समजलं होतं. घराणं बरोबर होतं, पिढी चुकली होती.

यातून कृती अशी निघते. एकट्या माणसाचं नाव इंग्लंडमध्ये शोधू नका. त्याची भावंडं, मेहुणे, जावई, साक्षीदार, कर्ज दिलेले आणि घेतलेले लोक यांची यादी करा आणि तो सगळा गट एकत्र कुठे दिसतो ते पाहा. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली, कँटरबरीच्या उच्च धर्मन्यायालयात शाबीत झालेली १८५८ पर्यंतची मृत्युपत्रं नावाने शोधून डाउनलोड करता येतात. १६५३ ते १६६० या काळात सर्व इंग्लंडची मृत्युपत्रं लंडनच्या एकाच न्यायालयात शाबीत होत, त्यामुळे ती वर्षं आधी घ्या. छोट्या मालमत्तांची मृत्युपत्रं त्याआधी आणि नंतर स्थानिक धर्मन्यायालयांत असतात; ती काउंटीच्या अभिलेखागारांकडून मागवावी लागतात.

व्हर्जिनियात माणूस आणल्याबद्दल डोई ५० एकर जमीन मिळे आणि त्या पत्रांत आणलेल्यांची नावं असतात. ती तारीख जमीन मिळाल्याची असते. हे हक्क विकले जात, त्यामुळे माणूस कित्येक वर्षं आधी येऊन राहिलेला असू शकतो.

वाचताना लागणाऱ्या तीन किल्ल्या

पहिली तारीख. इंग्रजी मुलखात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखा १६७७/७८ अशा जोडवर्षात लिहा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. ‘सातवा महिना’ असं लिहिलेलं असेल तर तो मार्चपासून मोजायचा, म्हणजे सप्टेंबर. टिपणात मूळ तारीख जशीच्या तशी ठेवा आणि शेजारी आपली गणना लिहा. परस्पर बदललेल्या तारखा नंतर उलगडत नाहीत.

दुसरी नाती. नोलिंगने ॲम्फिलिसला मृत्युपत्रात ‘डॉटर-इन-लॉ’ म्हटलं आहे. ती त्याची सून नव्हती, बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी होती. ‘कझिन’ म्हणजे पुतण्या, भाचा किंवा कुणीही नातलग. ‘ब्रदर’ मेहुणा असू शकतो, चर्चमधला सहधर्मीही. ‘नॅचरल सन’ म्हणजे पोटचा मुलगा, तो अनौरसच असेल असं नाही. ‘इन्फंट’ म्हणजे २१ वर्षांच्या आतला कुणीही. ‘माझी आत्ताची बायको’ लिहिलं म्हणून आधीची होती असं सिद्ध होत नाही.

तिसरी अक्षर. सतराव्या शतकातली सेक्रेटरी लिपी, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी हस्ताक्षराचं वळण, मोडीसारखीच तक्ता समोर ठेवून, एकाच कारकुनाची दहा-बारा पानं वाचूनच हाताला येते. कारकुनाने ‘कॅप्टन’ आणि ‘लेफ्टनंट’ कसं आखडून लिहिलंय ते ओळखीच्या नावाजवळ आधी पक्कं करा.

साधनं आणि अडथळे

फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या वेबसाइटवर मोफत खातं उघडा. तिथे काउंट्यांच्या दस्तांच्या आणि मृत्युपत्रांच्या प्रतिमा आहेत आणि आता त्यांतल्या बऱ्याच हस्तलिखितांत मजकुरानुसार शोधही घेता येतो. आडनावाबरोबर हुद्द्याचं आखूड रूप टाकून शोधा, आणि आडनावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा. काही प्रतिमा फक्त त्यांच्या केंद्रांतून किंवा संलग्न ग्रंथालयांतूनच उघडतात. न्यू इंग्लंडसाठी बोस्टनच्या, १८४५ मध्ये स्थापन झालेल्या वंशेतिहास संस्थेचा सशुल्क संग्रह पैसे वसूल करून देतो. व्हर्जिनियासाठी रिचमंडच्या राज्य ग्रंथालयाचा जमीनपत्रांचा संग्रह आधी पाहा.

काही काउंट्यांचे कागद उरलेलेच नाहीत. यादवी युद्धात व्हर्जिनियाच्या अनेक काउंट्यांनी दफ्तर सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवलं आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ते तिथेच जळालं. हॅनोव्हर त्यातलंच. १९११ च्या आगीत आल्बनीच्या राज्य ग्रंथालयात न्यू यॉर्कच्या वसाहतकालीन कागदांचं मोठं नुकसान झालं. अशा ठिकाणी चर्चच्या कारभारी मंडळाची पुस्तकं, शेजारच्या काउंट्या आणि लंडनला पाठवलेली पत्रं, याद्या असा वळसा घ्यावा लागतो. वेस्टमोरलंडचं दफ्तर १६५३ पासून टिकलं, म्हणून तर वॉशिंग्टन घराण्याची एवढी माहिती आहे.

छापील कुलवृत्तांत धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पैसे घेऊन वंशावळी रचून देणारे होते. गुस्ताव अँजू हा त्यातला सर्वात कुप्रसिद्ध. त्याने श्रीमंत अमेरिकनांसाठी खोट्या नोंदी घुसवलेल्या वंशावळी बनवल्या आणि त्या आजही ऑनलाइन झाडांत फिरतात. कुलचिन्ह, किल्ला आणि राजघराणं पहिल्याच पानावर दिसलं की प्रत्येक ओळीचा मूळ कागद मागा.

डीएनएकडून फार अपेक्षा नको. नऊ पिढ्यांमागे माणसाला ५१२ पूर्वज असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एकही तुकडा सर्वसाधारण चाचणीत दिसण्याइतका उरत नाही. बाप-मुलगा अशा सलग पुरुष-शाखेतला वंशज मिळाला तर वाय-गुणसूत्राची चाचणी मात्र दोन सारख्या आडनावांची घराणी एक की वेगळी हे नेमकं सांगते.

लिहून काढताना

वसाहतकालीन युद्धांच्या वंशज-संस्थेत अर्ज करायचा असेल तर पूर्वजाची सेवा १३ मे १६०७, म्हणजे जेम्सटाऊनची स्थापना, ते १९ एप्रिल १७७५, म्हणजे लेक्सिंग्टनची लढाई, या दरम्यानची लागते. अर्जात हुद्द्याचा पुरावा एकदाच द्यायचा असतो, पण पिढ्यांचा पुरावा प्रत्येक सांध्याला. जन्म, लग्न, मृत्यू आणि आईबापांशी नातं, अशी चार खणांची चौकट प्रत्येक पिढीसाठी भरा. रिकामा खण रिकामाच ठेवा.

जिथे थेट कागद नाही आणि पाच-सहा अप्रत्यक्ष पुरावे जोडून नातं ठरवलंय तिथे एक-दोन पानांचं टिपण लिहा: कुठे कुठे शोधलं, काय मिळालं, काय विरुद्ध जातं आणि तरीही हा निष्कर्ष का. विरुद्ध जाणारा कागद लपवला तर पुढचा संशोधक तो शोधून काढतोच. प्रत्येक नोंदीला काउंटी, पुस्तकाचं नाव, खंड, पान आणि पाहिल्याची तारीख लावा. प्रतिमेचं नाव जतन करताना वर्ष आधी, मग काउंटी, मग प्रकार, मग आडनाव असा क्रम ठेवलात तर फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.